बालकाची पोटगी : आदेशापासून वसुलीपर्यंत

पालघर तालुक्यातील बोईसर हे रेल्वे स्थानक कामगारांच्या पाळ्यांबरोबर जागे होते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर येथील देशातील पहिले अणुविद्युत केंद्र व्यावसायिक तत्त्वावर कार्यान्वित झाले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि बोईसरचे रूप पालटले. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या भागांतील पाड्यांवरून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आदी राज्यांतून येथे माणसे रोजगारासाठी येतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि शासकीय कार्यालये लोकांच्या अधिक जवळ आली.

रोजगारासाठी होणाऱ्या या ये-जा मध्ये काही संसार दुभंगतात. पिता एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. माता व मुले मागे राहतात. माता न्यायालयात जाते, पोटगीचा आदेशही मिळतो. परंतु तो आदेश पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला म्हणजे घरात धान्य येत नाही. आदेश आणि अन्न यांच्यामध्ये वसुलीची एक वाट आहे. ती वाट ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांना ठाऊक असेल, तर अनेक बालकांचे शिक्षण व पोषण वाचू शकेल. प्रस्तुत लेखात त्या वाटेचाच विचार केला आहे.

हक्क मुलाचा आहे

पोटगीची संक्षिप्त तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रियेत जुनी आहे. १८९८ च्या संहितेत ती कलम ४८८ मध्ये होती. १९७३ च्या संहितेत कलम १२५ मध्ये आली. त्या वेळी मासिक रकमेवर ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा काढून टाकण्यात आली आणि अंतरिम पोटगीची सोय झाली. १ जुलै २०२४ पासून हाच विषय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलमे १४४ ते १४७ मध्ये समाविष्ट आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे ही संहिता सांगते.

या तरतुदीचा एक विशेष पालघरसारख्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असे अज्ञान अपत्य, मग ते विवाहसंबंधातून झालेले असो वा विवाहबाह्य संबंधातून, पोटगीस पात्र असते. वारली व अन्य आदिवासी समाजांत विवाहविधीचा खर्च न परवडल्याने जोडपे आधी संसार थाटते आणि विधी पुढे काही वर्षांनी होतो, असे आढळते. मध्येच पित्याने पाठ फिरविली, तर ‘लग्नच झाले नव्हते’ हे उत्तर पत्नीच्या हक्काबाबत वादाचा विषय होऊ शकेल. मुलाच्या हक्काबाबत ते निरुपयोगी आहे. तेथे केवळ पितृत्व सिद्ध व्हावे लागते. जन्मनोंद, शाळेचा दाखला, दवाखान्याची कागदपत्रे यांचे मोल येथे कळते.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे आणि जेथे कुटुंब न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयाकडे करावयाचा असतो. पिता जेथे असेल, तो अथवा त्याची पत्नी जेथे राहत असेल, किंवा ते दोघे जेथे अखेरचे एकत्र राहिले असतील, त्या जिल्ह्यात तो करता येतो. विवाह झालेला नसल्यास बालकाच्या मातेबरोबर पिता जेथे अखेरचा राहिला, ते ठिकाण चालते.

परवान्याचा लगाम : परदेशातील एक प्रयोग

वसुलीचा प्रश्न सर्वच देशांना पडतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९९६ च्या कायद्याने प्रत्येक घटकराज्यास एक व्यवस्था बंधनकारक केली. मुलाची पोटगी थकविणाऱ्या व्यक्तीचा व्यवसाय परवाना, वाहन चालविण्याचा परवाना, इतकेच नव्हे तर शिकार व मासेमारीचा परवानाही रोखून धरण्याचा अधिकार राज्यांनी आपल्या कायद्यात ठेवावा, असा हा नियम होता. थकबाकी २,५०० डॉलरांहून अधिक झाल्यास पारपत्रही नाकारले जाते. तथापि, तेथेही वसुलीचा मोठा भाग मालकाने वेतनातून थेट केलेल्या कपातीतूनच येतो. परवाना रोखण्यातील अडचणही उघड आहे. ज्याचा परवाना गेला त्याची कमाई बुडते आणि मुलाच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणूनच जो देऊ शकतो पण देत नाही, त्याच्यासाठी हा उपाय योग्य ठरतो. जो देऊच शकत नाही, त्याच्यासाठी नव्हे. २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही, पोटगी थकविल्याबद्दल कारावास देण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या ऐपतीची योग्य रीतीने शहानिशा झाली पाहिजे, असे ठरविले.

आपल्याकडेही राज्य अनेक व्यवसायांचे नियमन करते. रिक्षाचालकाचा परवाना व बॅज, तारतंत्रीचा परवाना, बॉयलर परिचराचे प्रमाणपत्र, डॉक्टराची वैद्यक परिषदेतील नोंदणी, वकिलाची सनद ही त्याची उदाहरणे होत. परंतु थकीत पोटगी हे परवाना निलंबित करण्याचे स्वतंत्र कारण म्हणून आपल्या कायद्यात नमूद नाही. त्यामुळे ‘पोटगी दिली नाहीस तर तुझा बॅज जाईल’ अशी धमकी गावातील कोणी देऊ नये. ती बेकायदा ठरेल आणि प्रकरण भलतीकडे जाईल. मात्र परवान्याची नोंद हा कमाईचा पुरावा आहे. ‘मी बेकार आहे’ असे शपथेवर सांगणारा इसम परवानाधारक चालक वा परिचर असल्याचे न्यायालयासमोर आले, तर त्याच्या कथनाची पारख होते.

वेतनातून वसुली

आपल्या कायद्यात वसुलीचा सर्वांत भरवशाचा मार्ग वेतनातून जातो. महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० अन्वये न्यायदंडाधिकारी पीडित स्त्री व तिची मुले यांच्यासाठी आर्थिक साहाय्याचा आदेश देऊ शकतात. पित्याने रक्कम न दिल्यास, त्याच्या वेतनाचा काही भाग थेट त्या स्त्रीस द्यावा अथवा न्यायालयात भरावा, असा आदेश मालकासही देता येतो. विवाहसदृश संबंधात एका घरात राहिलेली स्त्रीही या अधिनियमाचा आधार घेऊ शकते.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा मार्गही उपलब्ध आहे. तिच्या कलम ६० प्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत वेतनाचा एकतृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त राहतो. उरलेल्या दोनतृतीयांश भागापर्यंत जप्ती येऊ शकते. इतर कर्जांच्या मानाने मुलांच्या अन्नाला कायद्याने दिलेले हे प्राधान्य आहे. आदेश २१ मधील नियम ४८ शासकीय, रेल्वे व स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांस, तर १९७६ साली घातलेला नियम ४८-अ खासगी कर्मचाऱ्यांस लागू होतो. अशा आदेशाची सूचना मिळूनही मालकाने पूर्ण वेतन कामगाराच्या हाती दिले, तर तेवढ्या रकमेस मालक स्वतः जबाबदार ठरतो.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र दाखल करावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही करता यावी, असे त्यात म्हटले आहे.

तारापूरसारख्या क्षेत्रात अडचण येते ती कंत्राटी कामाची. कामगार कारखान्याच्या फाटकातून आत जातो. पण त्याचे वेतन ठेकेदार देतो. अर्जात केवळ कारखान्याचे नाव घातले तर ‘हा आमचा कामगार नाही’ असे उत्तर येऊ शकते. म्हणून प्रत्यक्ष वेतन देणाऱ्या ठेकेदाराचे नाव, त्याचा पत्ता, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक किंवा राज्य विमा योजनेचे ओळखपत्र यांपैकी जे हाती येईल ते अर्जास जोडावे. ठेकेदार बदलला की न्यायालयास त्वरित कळवावे.

एका वर्षाची मुदत

कलम १४४ खालील आदेशाचा भंग झाल्यास न्यायदंडाधिकारी दंडवसुलीच्या पद्धतीने वॉरंट काढू शकतात. त्यात जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री होते. अथवा वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ व ३६-अ चे निर्बंध आहेत, हे महसूल कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वॉरंटनंतरही रक्कम उरली, तर एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, कारावास देता येतो. कारावास भोगल्याने देणे फिटत नाही. तो वसुलीचा एक उपाय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

परंतु येथे एक अट आहे आणि तिच्या अज्ञानामुळेच अधिक हानी होते. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट काढता येत नाही. समजा, एका मुलासाठी दरमहा ३,००० रुपयांचा आदेश झाला आणि पित्याने १८ महिने काहीच दिले नाही. थकबाकी ५४,००० रुपये झाली. ‘आज देईल, उद्या देईल’ या आशेवर मातेने १८ महिन्यांनी अर्ज केला, तर या मार्गाने सुमारे १२ महिन्यांचे ३६,००० रुपयेच मागता येतील. पहिल्या सहा महिन्यांच्या १८,००० रुपयांसाठी वॉरंटचा दरवाजा बंद होईल. तिने तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच अर्ज केला असता, तर काहीही बुडाले नसते. एकदा मुदतीत अर्ज दाखल झाला की तो प्रलंबित असताना पुढील महिन्यांची थकबाकीही त्यात धरता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा निर्णय आहे.

आणखी एक सोय फारशी वापरली जात नाही. कलम १४७ प्रमाणे पोटगीच्या आदेशाची प्रत विनामूल्य मिळते आणि पिता जेथे असेल तेथील कोणताही न्यायदंडाधिकारी ओळख पटवून व रक्कम थकल्याची खात्री करून त्याची अंमलबजावणी करू शकतो. म्हणजे जव्हार येथे झालेला आदेश पिता बोईसरला कामास असल्यास पालघरच्या न्यायालयात, आणि तो सीमेपलीकडे वापीस गेला असल्यास तेथील न्यायालयातही, अंमलात आणता येतो. मातेने दर वेळी मूळ न्यायालयाचेच खेटे घालण्याचे कारण नाही.

पित्याच्या बाजूनेही कायदा आंधळा नाही. कारखाना बंद पडला, अपघात झाला, कमाई घटली, तर कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागता येते. अशा वेळी गाव सोडून नाहीसे होण्यापेक्षा न्यायालयासमोर उभे राहणे त्याच्याही हिताचे असते. मुलाचा खर्च वाढल्यास मातेसही वाढ मागता येते.

गावाची जबाबदारी

या कामी गावपातळीवर फार मोठ्या खर्चाची वा नव्या यंत्रणेची आवश्यकता नाही. ग्रामपंचायत अधिकारी हा जन्ममृत्यूचा निबंधक असतो. जन्माची नोंद वेळेवर व बिनचूक झाली, तर पुढील निम्मा वाद मिटतो. शिक्षकाने शाळेचा दाखला व खर्चाच्या पावत्या विनाविलंब द्याव्यात. पित्याची सही नाही किंवा वयाचा दाखला नाही म्हणून मुलास प्रवेशापासून दूर ठेवू नये. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो.

पंचायत सदस्य व तंटामुक्त समित्या यांनी समेट जरूर घडवावा. परंतु मुद्रांकावर ठोक रक्कम लिहून ‘यापुढे मुलाचा काही हक्क राहणार नाही’ असे वदवून घेऊ नये. मुलाचा हक्क मातेलाही सोडून देता येत नाही. समेट झालाच, तर तो न्यायालयात किंवा लोकअदालतीत नोंदवावा. लोकअदालतीच्या निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. पंचांसमोरील कागदास ते नसते.

वकिलाच्या खर्चाची भीती मातांना मागे खेचते. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधि साहाय्य मिळते. तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज पुरेसा होतो; १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते.

पोटगीचा आदेश मिळालेल्या मातेस गावातील जाणत्या माणसाने तीन प्रश्न विचारावेत. शेवटची रक्कम कोणत्या तारखेस मिळाली? पित्याचे वेतन आज कोण देतो? आदेशाची प्रत हाती आहे काय? पहिल्या प्रश्नाने मुदत कळते, दुसऱ्याने वसुलीचे ठिकाण कळते, तिसऱ्याने अर्जाची तयारी होते. ही उत्तरे वर्ष उलटण्यापूर्वी न्यायालयापर्यंत पोहोचली, तर पेटीतील कागद मुलाच्या ताटापर्यंत पोहोचेल.