चारचौघांचं घर: किती पैसे, कोणते कागद, किती वेळ

घोड नदीच्या काठावर इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव वर आलं. शंभराहून जास्त घरं सापडली. बहुतेकांच्या भिंती कुडाच्या, जमीन सारवलेली. एक घर मात्र पाच खोल्यांचं आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं असावं, असं अभ्यासकांचं मत आहे. सधन शेतकरी वस्तीच्या मध्यावर राहत आणि कुंभार, सोनार असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. मोठं घर कुणाचं आणि कडेचं घर कुणाचं, हा प्रश्न आपल्या मातीत इतका जुना आहे. पण त्याच गावानं बांध घातला होता आणि पाटही काढला होता. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हतं.

आज इनामगाव, न्हावरे, मांडवगण या भागातली मुलं रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्यांत आणि पुण्यात कामाला आहेत. दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं भरतात आणि गावाकडचं घर पडायला आलेलं असतं. पगारातून एकट्यानं घर होत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको. दहा-वीस कुटुंबं एकत्र आली तर होतं का? होतं. महाराष्ट्रात झालेलं आहे. त्याला नेमका किती खर्च येतो आणि पैसे कुठे वाचवायचे नसतात, ते इथे टप्प्याटप्प्यानं पाहू. योजनांचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत चालू दर विचारून घ्या.

१. पहिला खर्च: गट आणि बचत

घराचा खर्च विटांपासून सुरू होतो असं आपण धरतो. प्रत्यक्षात तो वहीपासून सुरू होतो. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ च्या सुमारास ‘महिला मिलन’ उभं केलं, तेव्हा सुरुवात रोजच्या बचतीनं झाली. रोज कुणीतरी दारावर येणार, पाच-दहा रुपये घेणार, नोंद करणार. रक्कम छोटी असते, पण दारावर रोज जाणाऱ्या बाईला कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचं काम सुटलंय, हे सगळं कळतं. पुढे हप्ता थकला तर गट कोसळत नाही, तो याच ओळखीमुळे.

हिशेब करून पाहा. २० कुटुंबांनी महिन्याला ५०० रुपये टाकले तर दोन वर्षांत २,४०,००० रुपये जमतात, म्हणजे घरटी १२,०००. एवढ्यात मोजणी, कागद, नोंदणी आणि वकिलाचा सल्ला यांचा बराचसा भार निघतो.

तीन नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. बँकेत गटाच्या नावानं खातं आणि पैसे काढायला किमान दोन सह्या. रोख रक्कम कुणाच्याही घरी ठेवायची नाही. दर महिन्याला पासबुक सगळ्यांसमोर वाचायचं. याला एक रुपयाही लागत नाही, आणि जे गट फुटतात ते बहुतेक इथेच फुटतात.

२. कागद: इथे काटकसर नको

*सातबारा.* डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्यानं दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, आपला उतारा आपण काढा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद आहे का, ते पाहा.

*गुंठ्याचा सापळा.* समजा अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे शेतजमीन घेतली आणि सातबाऱ्यावर अकरा नावं सामाईक लागली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा हिशेब सोपा वाटतो. पण सामाईक जमिनीत कुणाचा तुकडा कोणता, हे कागदावर नसतं. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी अडते आणि एक भागीदार गेला की त्याचे वारस येतात. बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

*संस्था.* सामाईक नावांपेक्षा सहकारी गृहनिर्माण संस्था काढणं शहाणपणाचं. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि किमान पाच जणांनाही संस्था काढता येऊ लागली. नोंदणी शुल्क २,५०० रुपये. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सभासदाचे ५० रुपयांचे १० भाग म्हणजे ५०० रुपये, आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. जमीन संस्थेच्या नावावर राहते, सभासद बदलला तरी जमिनीचा वाद होत नाही.

*खरेदीखत.* नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे बदलतं. राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. १० लाखांच्या घरावर १०,००० रुपये वाचतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घर तिच्या नावावर होतं.

*बिल्डरकडून घेत असाल तर* प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासा. तिथे तक्रार करायचं शुल्क ५,००० रुपये आहे. सरकारी कार्यालयात फाईल अडली असेल तर माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात.

३. गावातलं घरकुल: हातात किती, खिशातून किती

गावाकडचं घर बांधायचं असेल तर प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घर धरलं आहे. सपाट भागासाठी मिळणारी मदत अशी जुळते:

– घरकुलाचं अनुदान: १,२०,००० रुपये
– रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं: २८,०८०
– शौचालयासाठी: १२,०००
– राज्यानं २०२५ मध्ये दिलेली वाढ: ५०,०००, त्यातले १५,००० छतावरच्या सौरऊर्जेसाठी

सौरऊर्जा बाजूला ठेवली तर बांधकामाला १,९५,०८० रुपये उरतात. आता गवंड्याला दर विचारा. उदाहरणासाठी चौरस फुटाला १,५०० रुपये धरू. २६९ फुटांचे ४,०३,५०० झाले. म्हणजे खिशातून २,०८,४२० रुपये घालावे लागतील. घरकुल मंजूर झालं म्हणून पेढे वाटणाऱ्या घरात हा आकडा आधी सांगितलेला नसतो, आणि मग भिंती छपरापर्यंत येऊन थांबतात.

हे अंतर कमी करायला गट कामाला येतो. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रास वाळू मोफत आहे. ती आणायचा वाहतूक खर्च मात्र आपला. चार घरकुलं एका वेळी सुरू केली तर गाडी, सेंट्रिंगचं सामान आणि मिक्सर वाटून घेता येतं. सिमेंट-सळई एकत्र घेतली तर दुकानदार भाव सोडतो. पूर्वी वारंगुळ्यानं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या कामाला जाऊन, पेरण्या होत, तसाच स्लॅबचा दिवस वारंगुळ्यानं काढता येतो.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. घरकुलाच्या यादीत नाव घालायला कुणालाही पैसे द्यायचे नसतात. जो मागेल त्याचं नाव गटविकास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

उरलेल्या २ लाखांचं कर्ज कुठून घेता, यावर घराची खरी किंमत ठरते. दहा वर्षांच्या मुदतीत ९ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता सुमारे २,५३४ रुपये आणि एकूण परतफेड ३ लाख ४ हजारांच्या आसपास. तेच पैसे २४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ४,४१० आणि परतफेड ५ लाख २९ हजार. सव्वादोन लाखांचा हा फरक म्हणजे दुसऱ्या घराचं अर्धं बांधकाम.

४. शहरातली वस्ती: येरवड्याचा धडा

पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये २००९ च्या सुमारास झालेलं काम प्रत्येक गटानं माहीत करून घ्यावं. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून पैसा आला, महापालिका सोबत होती, आणि महिला मिलन, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ व स्पार्क ही संस्था यांनी काम हाती घेतलं. वस्ती उठवून टॉवर बांधायचा नाही, आहे त्या जागीच घर नवं करायचं, असं ठरलं. ज्यांचं घर पक्कं होतं त्याला हात लावला नाही. कच्च्या घरांच्या जागी २७० चौरस फुटांची घरं आली. एका घरामागे सुमारे ३ लाख रुपये धरले होते आणि कुटुंबाचा वाटा साधारण दहावा, म्हणजे ३० हजारांच्या घरात. रोज ५० रुपये बाजूला टाकणाऱ्या बाईला ती रक्कम जमवायला ६०० दिवस लागतात.

नकाशे बायकांसमोर ठेवले गेले. वस्तीत खांब रोवून, त्यांना कापड ताणून खऱ्या मापाचं घर उभं केलं. त्या कापडाच्या घरात शिरून बायका बघत: ओटा इथे आला तर दार उघडेल का, सासूची खाट कुठे बसेल, जिना किती जागा खातो. कागदावरची रेघ वाचता न येणाऱ्या माणसालाही हे कळतं. खाली जागा मोकळी सोडलेलं, मध्ये मजल्याची पोकळी ठेवलेलं आणि पुढे वर वाढवता येईल असं, घरांचे असे प्रकार वास्तुरचनाकारांनी दिले. आज दोन खोल्या, मुलगा कमावता झाल्यावर तिसरी. गरिबाचं घर असंच वाढतं.

सध्या शहरात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये अडीच लाखांची मदत आहे. केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवं आणि देशात कुठेही पक्कं घर नको. गावात कुणाच्या नावावर काय आहे, ते आधी तपासा.

५. मोठी झेप: सोलापूरच्या विडी कामगार

दहा-वीस घरांनी काय होणार, असं वाटत असेल तर सोलापूरला कुंभारीला जाऊन या. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांनी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं सहकारी संस्था काढली आणि १०,००० घरं उभी केली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. घराचा खर्च ६०,००० रुपये: २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे, २० हजार कामगाराचे. त्याच अनुभवावर पुढे ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प आला. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली.

सरकारं बदलली, पक्ष बदलले, तरी काम चालू राहिलं. मागणी नेत्याच्या पत्रावर नव्हती, सभासदांच्या यादीवर आणि जमा रकमेवर होती. आपल्या गटानं घ्यायचा धडा हाच. अनुदान मागायला जाताना यादी, पासबुक आणि आपला वाटा तयार ठेवा.

६. किल्ली मिळाल्यानंतरचा महिना

हा खर्च सगळ्यात जास्त विसरला जातो. पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेली कुटुंबं कित्येकदा कर्जानं नाही, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या बिलानं घायकुतीला येतात. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्का सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्का दुरुस्ती निधी जमवायचा असतो. घराचा बांधकाम खर्च १० लाख असेल तर दोन्ही मिळून वर्षाला १०,०००, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. त्यावर वीज, पाणी, सफाई. म्हणून शक्य असेल तर लिफ्ट लागणार नाही एवढ्याच मजल्यांचा आग्रह धरा.

इमारत जुनी असेल आणि बिल्डरनं जमीन संस्थेच्या नावावर केली नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करा. २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि कायद्यानं निकाल सहा महिन्यांत व्हायला हवा. जमीन नावावर आली की पुढे स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय संस्थेनं स्वतःच इमारत नव्यानं बांधण्याचा, विचार करता येतो. राज्यानं त्यासाठी १३ सप्टेंबर २०१९ ला शासन निर्णय काढला आहे. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, तरी उरलेल्या ४९ टक्क्यांशी बोलत राहा. राहायचं त्यांच्यासोबतच आहे.

येत्या रविवारी

पहिल्या बैठकीला तीन गोष्टी आणा: एक वही, प्रत्येकाचं आधार कार्ड आणि मूठभर फक्की. देवळापुढच्या मोकळ्या जागेत फक्कीनं २६९ चौरस फुटांचं घर आखा. चूल, मोरी, दार, सगळं. घरातल्या बायकांना त्या रेघांच्या आत चालू द्या, ओटा कुठे हवा ते त्यांनी सांगू द्या आणि त्यांनी सांगितलं तसं वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. वकील, गवंडी, बँक, सगळ्यांपुढे ठेवायचा पहिला कागद तोच.