सर्वांची शाळा आणि आठवड्याची शिक्षकबैठक

शाळेच्या पटावर मुलाचे नाव असणे आणि त्या मुलाने शाळेत शिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली हजेरीपटावरून कळते. दुसरी कळण्यासाठी शिक्षकाला प्रत्येक मुलाकडे वेगळे पाहावे लागते. कोणतेही मूल वगळले जाऊ नये अशा रीतीने वर्ग चालविणे यास समावेशक अध्यापन म्हणतात. हे काम एकट्या वर्गशिक्षकाच्या आवाक्यातील नाही. त्यास साऱ्या शाळेचा नियमित विचारविनिमय हवा. त्या दृष्टीने आठवड्याच्या शिक्षकबैठकीचा विचार येथे केला आहे.

वसईच्या वर्गातील विविधता

वसई तालुक्याइतकी विविधता एका तालुक्यात क्वचितच आढळते. पश्चिमेस अर्नाळा, पाचूबंदर या किनाऱ्यावर कोळ्यांची मुले आहेत. निर्मळ, गास, वाघोली, भुईगाव या बागायती पट्ट्यात सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोलणारी घरे आहेत. वाडवळीही घरोघर कानी पडते. पूर्वेकडे तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे पारोळ, भाताणे या बाजूच्या पाड्यांतून वारली, कातकरी व मल्हार कोळी मुले शाळेत येतात. नालासोपारा व विरार येथे कामधंद्यासाठी आलेल्या हिंदी व गुजराती भाषिक कुटुंबांचा भरणा आहे. शिवाय पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याकडील मजूर येतात आणि त्यांच्यामागे त्यांची मुलेही येतात.

अशा वर्गात पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी ही अनेक मुलांची दुसरी भाषा असते. घरी भरभरून बोलणारे मूल वर्गात गप्प बसते आणि त्या गप्प बसण्यास ‘अभ्यासात कच्चे’ असे नाव पडते. त्यातच एखाद्यास कमी ऐकू येत असेल किंवा फळा स्पष्ट दिसत नसेल, तर खरी अडचण वर्षानुवर्षे झाकून राहते.

कोसबादचा धडा

या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्याच्या भूमीत शोधले गेले. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथूनच रूढ झाला आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर पोहोचला. पुढे डहाणू तालुक्यातीलच कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणावर शाळा भरविण्यात आली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे ही परिसरातील साधने आली.

यातून घ्यावयाचा बोध असा की मूल शाळेच्या चौकटीत बसत नसेल, तर प्रथम चौकट तपासावी. वेळ, जागा, भाषा व साधने यांपैकी नेमके काय आड येते हे पाहिल्यावर उपाय बहुधा साधा व स्वस्त निघतो.

कायद्याने सांगितलेले कर्तव्य

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क आहे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविणे अपेक्षित आहे आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. उशिरा आलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली असून त्यांत वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. म्हणून अक्षरे वारंवार उलटसुलट लिहिणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने थांबून विचार करावा.

वर्गातील उपाय

१. भाषा: पाठाचा आरंभ चित्र, वस्तू वा गोष्ट यांवरील संभाषणाने करावा. मुलांना प्रथम घरच्या बोलीत बोलू द्यावे व मग त्याच आशयाचे प्रमाण मराठीतील वाक्य फळ्यावर लिहावे. बोलीतील शब्दास हसणे वर्गात कटाक्षाने टाळावे.

२. श्रवण: कमी ऐकू येणाऱ्या मुलास पुढे, त्याचा चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मूल ओठांच्या हालचालीवरूनही पुष्कळ समजून घेत असते.

३. दृष्टी: अक्षर मोठे व ठळक काढावे. खिडकीच्या उजेडाने फळा चकाकतो, ती जागा अशा मुलास देऊ नये. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे.

४. गती: एकच संकल्पना तीन पायऱ्यांनी मांडावी. प्रथम वस्तू, नंतर चित्र, शेवटी अंक वा अक्षर. जे मूल दुसऱ्या पायरीवर आहे त्यास तेथील काम द्यावे. सर्वांना एकाच दिवशी तिसऱ्या पायरीवर ओढू नये.

५. सोबत: जाणत्या मुलाची जोडी द्यावी, मात्र ती आलटून पालटून. एकाच मुलावर कायमचा भार पडू नये व दुसऱ्यास कायमचे परावलंबन येऊ नये.

बैठक दर आठवड्यास का?

मासिक सभेत परिपत्रके व माहितीचे तक्ते यांतच वेळ जातो. शिवाय मुलांच्या अडचणी महिनाभर थांबत नाहीत. दिवाळीनंतर एखाद्या पाड्यावरील मुलगी चार दिवस गैरहजर राहिली, तर ती आजारी असेल, धाकट्या भावंडास सांभाळत असेल किंवा कुटुंब भट्टीवर निघण्याच्या तयारीत असेल. आठवड्यात चौकशी झाली तर तिला आजोळी ठेवण्याविषयी पालकांशी बोलता येते, किंवा ती जेथे जाणार तेथील शाळेस कळवून शिक्षण हमी पत्रक तिच्यासोबत देता येते. महिन्याने चौकशी केली तर दाराला कडी असते.

शनिवारी शाळा सुटल्यावर ४० मिनिटे पुरतात. शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळही कायद्याने धरलेला आहे. ही बैठक त्या तयारीचाच भाग समजावी. पहिली १० मिनिटे मागील आठवड्यात ठरलेल्या गोष्टी झाल्या की नाही हे पाहण्यास द्यावीत. पुढील २० मिनिटे तीन मुलांविषयी बोलावे. उरलेल्या १० मिनिटांत पुढील आठवड्यात कोणी काय करावयाचे ते ठरवावे. परिपत्रके आधीच सर्वांनी वाचून सही करावी. बैठकीत त्यांचे वाचन करू नये.

तीन मुले निवडताना एक दक्षता घ्यावी. अडचणीतील मुलांचीच नावे दर वेळी पुढे आली, तर शांत व मध्यम मुले कधीच चर्चेत येत नाहीत. म्हणून एक नाव तातडीचे व दोन नावे पटाच्या क्रमाने घ्यावीत. पटावर ६० मुले असतील, तर क्रमाने दोन-दोन घेता ३० आठवड्यांत प्रत्येक मुलाचा विचार एकदा तरी होतो.

द्विशिक्षकी शाळेत दोघांनीच बसावे; शक्य तेव्हा अंगणवाडीच्या सेविकेस बोलवावे. पहिलीत येणारे मूल तिने आधी दोन-तीन वर्षे पाहिलेले असते.

नोंद कशी असावी?

बैठकीचे एक पानी साप्ताहिक वृत्त ठेवावे. त्यात चारच रकाने पुरेत: काय दिसले, काय करून पाहिले, काय बदल झाला, पुढे कोणी काय करावयाचे. ‘मुलगा मठ्ठ आहे’ असे लिहिणे म्हणजे निकाल देणे होय. ‘नाव मागून पुकारले असता वळत नाही, समोरून विचारल्यास उत्तर देतो’ ही खरी नोंद. अशा नोंदीवरून त्याचे स्थान बदलता येते, आणि २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आरोग्यपथकास नेमके सांगता येते. निदान करणे हे वैद्यांचे व तज्ज्ञांचे काम. निरीक्षण मात्र शिक्षकाइतके कोणाकडेच नसते.

हे वृत्त शिक्षकांपुरतेच असावे. मुलाचे व्यंग किंवा घरची अडचण फळ्यावर, भिंतीवर वा गावात चर्चेस येता कामा नये. पालकांना सांगावयाचे ते त्यांना एकटे भेटून, आदराने व त्यांच्या भाषेत सांगावे. शाळा व्यवस्थापन समितीपुढे रस्ता, उतरण, पाणी, शौचालय अशा सोयींचे प्रश्न मांडावेत. मुलांची नावे नव्हेत.

प्रारंभी काही आठवडे ही बैठक जड वाटेल. एखाद्या शनिवारी सांगण्यासारखे काही सुधारलेले नसेल. तरीही बैठक चुकवू नये, कारण केलेला उपाय लागू पडला नाही हे कळणे हाही लाभच आहे. त्यावरून दुसरा उपाय सुचतो. केवळ कागद भरण्यापुरती ती उरली, तर मात्र रकाने भरतील आणि मुले मागेच राहतील. म्हणून मुख्याध्यापकांनी प्रत्येक बैठकीच्या शेवटी एकच प्रश्न विचारावा: सोमवारी कोणत्या मुलासाठी वर्गात कोणती गोष्ट वेगळी होणार आहे?

चर्चा व कृतीसाठी

(१) आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरची बोली कोणती, याची यादी करावी.

(२) गेल्या महिन्यात ज्यांच्याशी वर्गात स्वतंत्र बोलणे झाले नाही अशा पाच मुलांची नावे आठवावीत व येत्या आठवड्यात त्यांच्याशी बोलावे.

(३) ‘निकाल’ वाटणारे आपले तीन जुने शेरे घेऊन त्यांचे ‘नोंदीं’त रूपांतर करावे.

(४) आपल्या गावात येणाऱ्या व गावाबाहेर जाणाऱ्या कुटुंबांचे महिने कोणते, याचा तक्ता दसऱ्यापूर्वी तयार ठेवावा.