मुळा वर चढत नाही

चि. सोनूस,


कर्जत तालुक्यात शाळा मिळाली, सहावीचा भूगोल तुझ्याकडे आला, आणि कपाटात पिशवीत बांधलेला पृथ्वीगोल सापडला, हे वाचून हसू आलं. बांधून ठेवला की तो डेडस्टॉक रजिस्टरात सुखरूप राहतो!

राहुरीकडे मी नवी होते तेव्हाची गोष्ट. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगून मी मुळा नदीवरून छडी फिरवत होते. एक पोरगा म्हणाला, "बाई, धरणाखालचं पाणी वर कसं चढतं?" बारागाव नांदूरच्या धरणानंतर मुळा ईशान्येला प्रवरेकडे जाते, भिंतीवर ते वर चढणंच दिसतं. 'वर म्हणजे उत्तर' हे मीच घोकून घेतलं होतं. आणि मीच त्याला गप्प बसवलं. अजून टोचतं.

म्हणून नकाशा आधी जमिनीवर अंथर. पोरांना उजवा हात उगवतीकडे करून उभं कर, तोंड उत्तरेला होईल. नकाशाची उत्तरही तिकडेच फिरव. तुझ्याकडची सीना दक्षिणेला वाहते, भिंतीवर ती खालीच उतरते. त्यामुळे तिथे कुणी असं विचारणार नाही, आणि चूक मनात तशीच राहील. तू मुद्दाम मुळा दाखव. प्रमाण नि सूची सावकाश येतात, त्यांची घाई नको.

पृथ्वीगोल मात्र उन्हात ने. स्टँडवरून काढून चुंबळीवर ठेव: आपला जिल्हा अगदी माथ्यावर, उत्तर ध्रुव उत्तरेला. मग गोलावर जिथे ऊन, तिथे त्या घटकेला खरोखर दिवस. सावलीच्या बाजूला रात्र. जिल्ह्यावर मेणाने एक काडी उभी चिकटव. तिची सावली नि झेंड्याच्या खांबाची सावली एकाच दिशेला पडते.

कर्जत साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. मेमध्ये येतो तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या २९ तारखेच्या आगेमागे. ढगांचा भरवसा नाही, पण तुमच्याकडे पाऊस तसा कंजूषच. खांबाची सावली बाराला नाही, साडेबारानंतर सहा-सात मिनिटांनी नाहीशी होईल. घड्याळ मिर्झापूरकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं, आपण त्याच्या साडेसात अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं. वरची मिनिटं सूर्याच्या त्या दिवसांतल्या रेंगाळण्याची, ती सहावीला सांगू नकोस.

चुंबळ तुझ्या आईकडे माग, माझी जुनी तिच्याकडेच आहे.

तुझी,
आत्या