बहिष्कार

‘बहिष्कार’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आला. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर व ‘कार’ म्हणजे करणे. बाहेर करणे, हा त्याचा मूळ अर्थ होय. यालाच ‘वाळीत टाकणे’ असेही म्हणतात. वाळीत पडलेल्या घराशी रोटी-बेटीचा व्यवहार तुटे. पाणी मिळणे कठीण होई. मृताला खांदा द्यायलाही कोणी येत नसे.

१९०५ नंतर लोकांनी परदेशी मालावर बहिष्कार घातला. परंतु मालाला मन नसते, माणसाला असते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले, ते ‘बहिष्कृत’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हेच नाव दिले. त्याच वर्षी अमरावतीस अंबादेवीचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून चळवळ झाली. नोव्हेंबरात तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते.

३ जुलै २०१७ पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू झाला असून हा गुन्हा ठरला आहे. खेळात एखाद्या सोबत्याला मुद्दाम बाहेर ठेवणे, हे बहिष्काराचेच लहान रूप नव्हे काय?

स्वाध्याय : ‘वाळीत टाकणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.