आकडा कसा आला, ते आधी पाहा



खराडीत मधुमेही रुग्णांच्या घरी जाताना मी पूर्वी एकच प्रश्न विचारत असे, "साखर किती आली?" आकडा वहीत लिहिला की माझे काम संपले, असे मला वाटे.

एका काकूंच्या वहीत सकाळचे उपाशीपोटीचे आकडे सतत दोनशेच्या वर होते. गोळी वाढवून घ्या, असे मी सांगणारच होते. मग सहज म्हटले, "काकू, माझ्यासमोर तपासून दाखवा." त्यांनी नातवाला संत्रे सोलून दिले, हात पदराला पुसले आणि बोट टोचले. २१४! साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासले, तर १२८. साखर बोटावरच्या रसाची होती. त्या आकड्यावर गोळी वाढली असती, तर काकूंची साखर घसरून चक्कर आली असती.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाहते.

१. कृती. हात धुतले का? पट्टीची मुदत आहे का? डबीचे झाकण घट्ट लावले का? सुई प्रत्येकाची वेगळी हवी.

२. वेळ. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, हे बहुतेक प्रौढ रुग्णांचे लक्ष्य असते. वृद्धांसाठी डॉक्टर वेगळे ठरवतात.

३. उपाय. आकडा पाहून रुग्णाने काय केले? साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काही घालू नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

४. सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात हे विचारलेच पाहिजे. एचबीए१सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. सिकलसेल आजारात त्या लवकर नष्ट होतात. त्यामुळे साखर वाढलेली असूनही अहवाल चांगला दिसू शकतो. अशा रुग्णाने डॉक्टरांना सिकलसेलविषयी आधी सांगावे. त्याला बोटावरची तपासणी अधिक उपयोगी पडते.

काकूंचा आकडा खोटा वाढला होता. सिकलसेलच्या रुग्णाचा खोटा घटलेला असू शकतो. दोघांनाही विचारणारे माणूस हवे.

विचारासाठी प्रश्न: तुमच्या घरात साखर तपासणाऱ्या व्यक्तीजवळ तुम्ही शेवटचे कधी बसला होता?