स्पॅनिश ग्राहकाचा हुकूम : शेवटच्या अक्षरात माल ओळखा

स्पॅनिश ही स्पेनची आणि लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांची भाषा. कापड, चामडे, हस्तकला यांची निर्यात करणाऱ्यांना या भाषेचा ग्राहक कधी ना कधी भेटतोच. करारमदार इंग्रजीत होतात. परंतु ओळख वाढली की ग्राहक आपल्या जबानीत एकच शब्द बोलून मोकळा होतो : 'मांदामेला'. हा शब्द उलगडता आला पाहिजे.

'मांदा' म्हणजे पाठव, 'मे' म्हणजे मला, 'ला' म्हणजे ती. तीन शब्द, पण बोलताना आणि लिहिताना एकच. ज्यांना थोडी अरबी येते त्यांना हे नवे नाही. अरबीत 'मला दे' हे एकाच शब्दात सांगतात, आणि 'मला' हुकुमाच्या शेपटाला लागते. स्पॅनिशने ही रीत अरबीकडून घेतलेली नाही, पण समजायला सोपी जाते.

१. शेवटचे अक्षर पाहा. नमुना मराठीत पुल्लिंगी. स्पॅनिशमध्ये 'मुएस्त्रा' स्त्रीलिंगी. दर म्हणजे 'प्रेस्यो', तो पुल्लिंगी. बोलणे दोन्हींचे चालले असेल, तर 'मांदामेला' म्हणजे नमुना पाठव आणि 'मांदामेलो' म्हणजे दर कळव. 'मांदामेलास' म्हटले तर नमुने एकाहून जास्त हवेत. अक्षर चुकले तर नमुन्याऐवजी दरपत्रक जाते आणि ऑर्डर दुसऱ्याच्या दुकानी.

२. आधी माणूस, मग वस्तू. 'मेला', 'मेलो' हाच क्रम. उलटा चालत नाही.

३. 'से' आला तर विचारा. 'त्याला' म्हणजे 'ले'. पण 'लो', 'ला' यांच्यापुढे 'ले'चा 'से' होतो. 'मांदासेलो' म्हणजे ते त्याला पाठव. हाच 'से' तिला, त्यांना यांसाठीही येतो. म्हणून पार्सल बांधण्याआधी 'आ क्येन?' म्हणजे 'कोणाला?' असे विचारून घ्यावे.

४. मनाईत सगळे बदलते. उर्दू शाळेत आपण 'अम्र' आणि 'नही' वेगळे शिकलो : एक करण्याचा हुकूम, दुसरा न करण्याचा. स्पॅनिशमध्ये या दोहोंची घडणच वेगळी आहे. 'मांदामेला'ची मनाई 'नो मे ला मांदेस'. 'मे ला' शेपूट सोडून पुढे आले, सुटे झाले आणि 'मांदा'चे 'मांदेस' झाले. तसेच 'दामेलो' (ते मला दे), 'नो मे लो देस'; 'वेंदेमेलो' (ते मला वीक), 'नो मे लो वेंदास'. याचा फायदा असा, की फोनवर 'नो' ऐकू आला नाही तरी 'मे ला' आधी आणि 'मांदेस' नंतर आले, तर मनाई असू शकते असे ओळखून पुन्हा विचारून घ्यावे.

५. कारागिरांसाठी. काही हुकूम आखूड आहेत. 'दि' म्हणजे सांग. 'दीमेलो', ते मला सांग. 'आस' म्हणजे कर (स्पेनच्या बहुतेक भागांत उच्चार 'आथ'). 'आसमेलो', ते मला करून दे.

६. तिरकी रेघ. मूळ शब्दात जोर जिथे होता तिथेच राहतो. मागे शब्द जोडल्यामुळे जोर शेवटून तिसऱ्या किंवा त्याआधीच्या अवयवावर गेला, की त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. 'मांदा'वर रेघ नाही, 'मांदामेला'च्या पहिल्या 'आ'वर आहे. अर्जेंटिनाचा ग्राहक जोर 'दा'वर देतो आणि रेघही तिथेच काढतो. अर्थ तोच.

७. अदब सांभाळा. वरील सर्व हुकूम सलगीचे आहेत, उर्दूतील 'तुम'च्या तोलाचे. नव्या ग्राहकाशी 'उस्तेद' म्हणजे 'आप'चे रूप वापरावे : 'मांदेमेला', आणि मनाईत 'नो मे ला मांदे'. स्पेनमध्ये लोक सलगीवर लवकर येतात. पण पहिले पाऊल ग्राहकाला टाकू द्यावे.

सराव : बिल म्हणजे 'फाक्तूरा', स्त्रीलिंगी. 'कातालोगो' पुल्लिंगी. सलगीच्या रूपात सांगा : (अ) बिल मला पाठव. (ब) बिल मला पाठवू नकोस. (क) कॅटलॉग त्यांना दे.

उत्तरे : (अ) मांदामेला. (ब) नो मे ला मांदेस. (क) दासेलो.

दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा ही रूपे मोठ्याने म्हणावीत. कान तयार झाला की दुभाष्याची वाट पाहावी लागत नाही.