सामान्यांची रोजनिशी : एक अभ्यास

राज्याभिषेकाची तारीख इतिहासाच्या पुस्तकात मिळते. पण त्या दिवशी गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे कोठे सापडावे? इंग्लंडमध्ये १९३७ साली तिघा तरुणांना हाच प्रश्न पडला. टॉम हॅरिसन, कवी चार्ल्स मॅज आणि चित्रपटकार हम्फ्री जेनिंग्ज यांनी 'मास ऑब्झर्व्हेशन' ही संस्था काढली. मानवशास्त्रज्ञ दूरच्या बेटांवरील लोकांचा अभ्यास करतात; मग आपल्याच देशबांधवांचा का करू नये, अशी त्यांची भूमिका होती.

कामाच्या पद्धती दोन होत्या. बोल्टन या गिरणगावी निरीक्षक मद्यगृहांत, प्रार्थनामंदिरांत व रस्त्यांवर जाऊन पाहिले-ऐकलेले टिपून ठेवीत. दुसरीकडे, देशभरचे स्वयंसेवक स्वतःविषयी लिहून पाठवीत. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला; त्या एका दिवसाच्या अशा नोंदींचे पुस्तकच निघाले. पुढे महायुद्धाच्या काळात सुमारे ४८० जणांनी रोजनिश्या लिहिल्या. बॅरो गावची गृहिणी नेला लास्ट ही त्यांपैकी एक. रेशन, शिवणकाम, सैन्यात गेलेला मुलगा आणि संसारात होणारी घुसमट यांविषयी ती लिहीत राहिली. तिची युद्धकालीन रोजनिशी १९८१ साली प्रसिद्ध झाली.

या पद्धतीवर आक्षेप आले, आणि ते रास्तच होते. स्वखुशीने लिहिणारे सर्व समाजाचे प्रतिनिधी कसे मानावेत? शिवाय लोकांचे बोलणे त्यांच्या नकळत टिपणे ही हेरगिरीच नव्हे काय? १९४० पासून सरकारच्या माहिती खात्यानेही लोकांचे मनोधैर्य अजमावण्यासाठी या संस्थेचा उपयोग केला, तेव्हा ही शंका अधिकच गडद झाली.

तरीही या कागदांचे मोल कमी होत नाही. किती जणांना रेशन मिळाले, हे आकडे सांगतात. त्या रेशनात घर कसे चालले, हे रोजनिशीच सांगते. हे दप्तर आज ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि १९८१ पासून नव्या नोंदीही मागविल्या जात आहेत.

आपणां विद्यार्थ्यांना यातून काय घेता येईल? नोंदीवर तारीख व स्थळ घालावे. पाहिलेले आणि आपल्याला वाटलेले वेगळे लिहावे. ज्याच्याविषयी लिहायचे त्याची संमती घ्यावी, त्याचे नाव झाकावे. आणि एक गोष्ट विसरू नये : रोजनिशी लिहिण्यास अक्षर लागते, सवड लागते. ज्यांना दोन्ही लाभली नाहीत, त्यांच्यापाशी बसून त्यांच्याच शब्दांत लिहून घेणे हे शिकलेल्याचे काम आहे. नाहीतर सामान्यांच्या इतिहासातूनही सामान्य माणूसच गळून पडेल.